एफ-दहा

पुंता अरेनासच्या धक्क्यावर आज वारा असा
की कचेरीच्या दाराला आतून खुर्ची लावलीय.
यास्नाने जहाजाची रसद भरली :
दोर, मीठ, डिझेल, कांदे चाळीस पोती.
जुना प्रोग्राम तळाशी सांगतो, जतन करायला एफ-दहा.

ती दाबते. वरून खिडकीचाच मेन्यू लोंबतो,
कुणी बोलावलं होतं याला?
एफ-पाच दाबते, हिशेब ताजा करायला,
तर कांदे : ४०१५.

"चार हजार पोती! खलाशी रडून मरतील,"
रात्रपाळीचा रामिरो थर्मास ठेवत म्हणतो.
कोऱ्या टर्मिनलवर तो कळांना बोलतं करतो.
एफ-पाच : एस्केप, चौकोनी कंस, एक, पाच, नागमोडी रेघ.
एफ-दहा : काहीच नाही. वाटेतच कुणीतरी गिळतंय.

"म्हणजे एक कळ म्हणजे एक अक्षर नाही?"
"छे. पाच अक्षरांची चिठ्ठी.
आपली लाइन सॅटेलाइटची, रखडत जाते.
सांतियागोचा सर्व्हर पहिलं अक्षर ऐकतो,
उरलेल्यांसाठी थांबत नाही.
मग ती येतात, दिसेल त्या रकान्यात शिरतात."

मेन्यूची कळ त्याने बंद केली.
सर्व्हरला थोडा धीर धरायला सांगणं
सोमवारवर गेलं, तिथला माणूस रजेवर.
तोवर : एस्केप दाब, सोड, मग शून्य.

जतन झालं. कांदे चाळीसच.
यास्ना कीबोर्डावर चिकटपट्टी लावते, त्यावर शून्य काढते.

मग पोर्वेनीरला बहिणीला फोन.
ती उचलते, खोकू लागते.
यास्ना आज ठेवत नाही.