एकोणीस दिवसांसाठी

कुमुदआत्या मे महिन्यात येणार, एकोणीस दिवस.
इथे डुलुथमध्ये सरोवरावर अजून बर्फ आहे
आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
दोन पॉलिस्या:
एक एकशे बारा डॉलरची, एक दोनशे शहाऐंशीची.

स्वस्तातली म्हणते, एक्स-रेला इतके, खाटेला दिवसाचे इतके,
वर गेलं तर तुमचं तुम्ही.
महागातली म्हणते, आधी अडीचशे तुम्ही भरा,
मग बघू.
‘मग बघू’ हे तर आमच्या घरातलंच वाक्य.
दाढ दुखायला लागली की बाबा हेच म्हणायचे,
आणि खरंच, दाढ पडेपर्यंत बघत राहायचे.

फोनवर आत्या, मिरजेत दिवेलागण,
माझी इथे पहिली कॉफी.
“अगं, अडतीस वर्षं वॉर्डात काढली मी.
मला ताप यायचा तर परवानगी घेऊन येतो.
तेवढ्या पैशात तुझ्यासाठी दोन साड्या आणते.”

मी तिला वेंडलची गोष्ट सांगते.
शेजारचा वेंडल, जानेवारीत पायरीवरचा बर्फ फोडताना घसरला,
मनगट भलत्याच दिशेला.
मी फोन उचलला तर ओरडला, अँब्युलन्स नको!
मग माझ्याच गाडीतून नेला त्याला,
हातावर गोठलेल्या मटारची पिशवी,
आणि प्रत्येक सिग्नलला, दात आवळून, तो हिशोब करत होता:
तीन मैल. अठराशे डॉलर वाचले.
“अठराशे?” आत्या मनातल्या मनात गुणाकार करते.
“तेवढ्यात आमच्याकडे गुडघा बदलतात.”

मी वाचत जाते मोठ्याने, आणि वाचता वाचता
एक ओळ तोंडातून निसटते:
पार्थिव मायदेशी पाठवणे, पंचवीस हजारांपर्यंत.
आत्या हसते. खोकला येईपर्यंत हसते.
“येताना मधली सीट, दोन्हीकडून कोपरं खात,
आणि जाताना अख्खी पेटी माझ्या एकटीची!
घे बाई, हीच घे.”

मग तो प्रश्न येतो.
गेल्या तीन वर्षांत काही निदान, उपचार, लक्षणं?

तिच्याकडे कुकरची शिट्टी होते.
“नाही,” ती म्हणते.
आणि थोड्या वेळाने, “लिही, नाही.”

हा आवाज मला माहीत आहे.
बाबांच्या वेळी, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर,
दार अर्धं उघडून ती अशीच म्हणाली होती,
काही नाही गं, तू चहा घेऊन ये.
मी चहा घेऊन आले तेव्हा
तिने तीन कपांपैकी दोनच उचलले.

दोन्ही पॉलिस्यांत, बारीक अक्षरांत,
पूर्वीचे आजार वगळलेले आहेत.
म्हणजे जे होईल की नाही कुणाला ठाऊक, त्याला संरक्षण,
आणि जे तिने स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिलंय
ते तिचं तिनं घेऊन यायचं,
केबिन बॅगेत, सात किलोंच्या आत.

तरी मी महागाचीच घेते.
का, ते मला सांगता येणार नाही.
वेंडलला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, वेडी आहेस.

वारसाचं नाव विचारतात.
“तुझंच टाक, आणखी कुणाचं?”
नात्याच्या यादीत पती आहे, मुलगा, मुलगी, आई, वडील.
भाची नाही.
मी ‘इतर’वर बोट ठेवते.

“थंडी असेल का गं? स्वेटर एक आणू की दोन?”
“दोन. आणि रिपोर्ट.”
“कसले रिपोर्ट?”
“सगळे.”
कुकर गप्प. आत्या गप्प.
कार्डाच्या मागचे तीन आकडे मी भरते, पुन्हा भरते,
चुकलेत म्हणतंय.

“बरं,” ती म्हणते,
“चकल्यांच्या डब्याखाली ठेवते. वास लागेल कागदांना.”