त्रेपन्न

तो हसतोय म्हणे वरच्या मजल्यावर.
नळी ठेवता ठेवता नर्स इर्मा सांगून गेली:
ताप आहे, पाठ दुखते, बाकी ठणठणीत,
ऑक्सिजन शहाण्णव,
आणि एकच धोशा,
मेंढ्या कातरायच्या राहिल्यात, सोडा मला.

मी काचेवर थेंब ओढला.
बाहेर कोयाइकेचा वारा पत्रे उचकटू पाहत होता.

यंदा कोलिवे फुललाय.
आमचा हा रानबांबू माणसाच्या आयुष्यात एकदाच फुलतो,
फुलतो आणि वाळतो, बी सांडतं,
बियांमागून उंदीर येतात लांब शेपटीचे,
रानातून खोपटात, खोपटातून पिठाच्या पोत्यात.
वडिलांनी लहानपणी पाहिलं होतं ते साल.
सांगायचे, मांजरंसुद्धा कंटाळली होती.

ओविदियो बारिआनं तीन आठवड्यांपूर्वी
हिवाळाभर बंद असलेलं खोपट उघडलं
आणि वारा नको म्हणून
दार लावून झाडलं.
एवढंच.

भिंगाखाली
प्लेटलेट मोजायला घेतल्या, मोजणं लवकर संपलं.
पांढऱ्या पेशींत कितीतरी कोवळ्या,
कातरणीला माणसं कमी पडली
की शाळेतून पोरं ओढून आणतात, तशा.
आणि रक्त दाटलेलं.
काल बेचाळीस, आज त्रेपन्न.
पाणी गेलं कुठं?
तो तर घटाघट पितोय.
पाणी निघालंय फुफ्फुसाकडे,
अजून पोचलं नाही, इतकंच.

छातीचा फोटो स्वच्छ आहे, डॉक्टर ओयार्सून फोनवर म्हणतात,
बोलताना धाप नाही त्याला, एलियाना.
उद्या दुपारी लागेल.
कशावरून?
त्रेपन्नावरून.

ते गप्प.
एक विमान, हा वारा, बाल्मासेदाची धावपट्टी,
हजार किलोमीटरपलीकडचं ते यंत्र
जे शरीराबाहेर श्वास घेतं,
हे सगळं मागवायचं
बोटभर काचेच्या भरवशावर
एका हसणाऱ्या माणसासाठी.

एकदा चुकलेय मी.
त्या बाईला नुसता फ्लू निघाला,
वरून खर्चाचा कागद आला, माझ्या नावानिशी.
आणि एकदा चुकले नव्हते,
फक्त सकाळपर्यंत थांबले होते.
त्याचा कागद कुणी पाठवला नाही.

चार वाजता डॉक्टर म्हणाले, बोलावतो विमान.

कॉरिडॉरात धाकटा भाऊ, एलिसेओ.
मांडीत थर्मास, हातात माटेचा तुंबा.
चार दिवस दोघं एकाच नळीनं पीत आलेत
तो कडू चहा.
कसा आहे?
चांगला श्वास घेतोय, मी म्हटलं.
खरंच होतं ते,
चार वाजून दहा मिनिटांपुरतं.
त्यानं तुंबा पुढे केला, थकल्या दिसता, घ्या घोटभर.

मी हातमोजे चढवले.
म्हटलं, तो खाली ठेव आधी.
आणि बाही वर कर.