झाडावरचा आकडा

आपल्याकडचं बुचाचं झाड निराळं,
लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा टाकणारं.
आलेंतेझूच्या कोरड्या टेकडीवरचं हे
खरोखरीचं बूच, बाटलीच्या तोंडातलं,
ओकच्या जातीचं, काटक, वाकडं,
वाटसरूनं थांबून बघावं असं काही नसलेलं.

देओलिंदा तिथं राहते.
भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं,
साबण लागण्याआधीचं पाणी ती वेगळं धरते.
साबण रोपांना सोसत नाही,
हे ती चार रोपं मारून शिकली.
मग बादली. एकशे सत्तर पावलं.
उजवा गुडघा नव्वदाव्या पावलाला कुरकुरतो,
ती त्याला एक शिवी देते
आणि उरलेली ऐंशी चालते.

रोपं एकवीस. होती चाळीस.
काही शेळीनं खाल्ली, काही उन्हानं,
एक तिच्याच पायाखाली आलं,
त्याबद्दल ती बोलत नाही.

पुतण्या आला होता, ओर्लांदू, बँकेतला.
बशी बाजूला सरकवून त्यानं हिशेब मांडला:
पंचवीस वर्षांनी पहिली साल निघेल,
ती खडबडीत, फार तर फरशीखाली घालतील.
नऊ वर्षांनी दुसरी, तीही तशीच.
तिसरी खरी, बाटलीच्या लायकीची.
म्हणजे त्रेचाळीस वर्षं.
"काकू, तू आज एकसष्टची.
निलगिरी लाव, बारा वर्षांत पैसा हातात."
पुढची बेरीज त्यानं केली नाही, सभ्य पोरगा आहे.
तिनं केली. एकशे चार.
आणि त्याला पावाचा आणखी एक तुकडा वाढला.

घरामागची मोठी झाडं सासऱ्यानं लावलेली.
झेफेरिनू. तोंडाळ, चिक्कू.
हिच्या लग्नात तो जेवायला बसला नव्हता.
पुढे तीस वर्षं हिच्या हातचं सूप
अळणी अळणी म्हणत वाडगं चाटून पीत राहिला.
त्याच्या झाडांवर हिचं छप्पर झालं,
लेकीचं नर्सिंग झालं,
डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला.
"म्हातारा गेला ते बरं झालं," ती म्हणते,
"पण बादली रोज उचलायचा."
दोन्ही एकाच श्वासात.

जूनमध्ये कुऱ्हाडवाले येतात.
आबिलियू सगळ्यांत जुना, त्याचा हात बघावा:
घाव साल फोडतो आणि तिथंच थांबतो.
आतल्या थराला तिकडे आई म्हणतात.
आईला लागलं तर त्या जागी झाड
पुन्हा कधी नीट भरून येत नाही.
शेजारी नवा पोरगा, दंडात रग मावत नसलेला.
आबिलियू त्याच्याकडे न बघता म्हणतो,
"जोर पहिल्या दिवसापासून होता.
थांबायला अकरा उन्हाळे लागले."

सोललेलं खोड भाजलेल्या विटेसारखं दिसतं.
त्यावर देओलिंदा पांढऱ्या रंगात
वर्षाचा शेवटचा आकडा काढते. चार.
नऊ वर्षांनी इथं तीन काढायचा आहे
कुणीतरी.
ब्रश ती रॉकेलमध्ये नीट धुऊन ठेवते.

ऑगस्टात बादली तडकली. प्लॅस्टिकची, निळी.
वाटेत सगळं पाणी सांडलं,
त्या दिवशी एकवीस रोपं तहानलेली राहिली
आणि ती बसनं बाजारात गेली.
दुकानदारानं दोन बादल्या पुढे ठेवल्या,
एक पुन्हा निळी, एक जस्ताची,
जस्ताची साडेपाच युरो महाग.
"किती टिकेल?"
"ही?" तो हसत म्हणाला,
"तुमच्यापेक्षा जास्त," आणि मग जीभ चावली.

"मग हीच दे."

परत येताना बादली रिकामीच होती,
तरी तिनं दोनदा हात बदलला.