तीन पानं

रविवारी सहाला, जेलरोडला,
बॅगा दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर
आम्ही सात-आठ जण जमतो.
भिंतीवर नफिसा कोकणीची चादर,
चादरीला मधोमध ठिगळ.
कुणाचाही पक्षी आला तरी त्याच्या पोटाशी
ते ठिगळ असतंच.

आधी आव्हाड सर. त्यांचं नांदूरमधमेश्वर.
"क्षितिज डावीकडे कलंडलंय सर,
सरळ करा, नाहीतर सगळं पाणी निफाडात."
मग देवदत्तचा खंड्या:
"रंग झकास. पण अर्धी चोच घरी विसरलास का रे?"
नफिसाचा चतुर धूसर.
"तो हलला की तू?"
"मीच. रात्रपाळी करून तशीच गेले होते."

गायधनी काका फोटो आणत नाहीत.
चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
करकरीत कागदांतली खोट काढली,
आता आमच्या पाखरांतली काढतात.
बिनपगारी.

त्या दिवशी माझा नाचण होता.
सोमेश्वरच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या उंबरात,
वाटीएवढं घरटं, कोळिष्टकांनी लिंपलेलं,
आत तीन उघडी तोंडं, काठावर शेपटीचा पंखा,
आणि डोळ्यात उन्हाचा तो ठिपका
ज्याच्यासाठी आम्ही चारला उठतो.
"कॅलेंडरवर हवा हा," आव्हाड सर म्हणाले.
देवदत्तनं शटर विचारलं, वहीत लिहिलं.
मी कप तोंडाला लावला,
कपात चहा नव्हता.

गायधनी काका उठले.
त्यांची सावली आधी नाचणावर पडली, मग पिल्लांवर.
वरच्या कोपऱ्यात त्यांनी बोट टेकलं.
पांढरा थेंब. तांदळाएवढा.
"उंबराचा चीक. ताजा."
आणि थोड्या वेळानं, चादरीकडेच बघत,
"वाऱ्यानं मोडलं की फाटतं, कुंदाताई.
हे तिरपं आहे. एका घावात."

छताचा पंखा फिरत होता.
चादर हलली की नाचण हलायचा.

मखमलाबादला आमची एप्रिलची छाटणी चालू आहे,
कात्री पिशवीत असतेच,
पानं आड येत होती, तीनच पानं,
हाताला कळलंसुद्धा नाही,
असं म्हणणार होते.
पण हाताला कळलं होतं.
वीस वर्षं हाच हात वेलीवर ठरवतो
कुठला डोळा ठेवायचा, कुठल्याला ऊन द्यायचं.

"खोटा नाही," काका म्हणाले. "छपाई उत्तम.
पण चलनात सोडू नका."
मग बसले. बिस्कीट चहात बुडवलं,
ते तुटून तळाशी गेलं,
ते चमच्यानं शोधत राहिले.

सोमवारी गेले. कॅमेरा घरी.
अकराचं ऊन.
घरट्यावर ती, पंख अर्धे पसरून,
चोच उघडी, गळा धपापतोय,
खाली तिघं तिच्या सावलीत.
तीन पानांचं काम
एकटी करत होती.
ओढणी बांधावी वाटलं फांदीला.
पुढे एक पाऊल टाकलं,
तिनं मान वळवली,
मी परत फिरले.
वाटेत पिशवीतली कात्री मांडीला लागत होती.

पुढच्या रविवारी नाचण नेला नाही.
सुगरणीचा एक जुना फोटो नेला,
हललेला, वाकडा, मधून विजेची तार गेलेली.
"तार तेवढी कापायची होती," देवदत्त म्हणाला
आणि जीभ चावली.
कुणीच काही बोलेना.
मग काकांच्या नाकातून आवाज आला,
खोकला असावा असं वाटलं,
पण ते हसत होते.
त्यानंतर तासभर धुतलं मला:
फोकस पाठीमागच्या बाभळीवर,
आकाश फटफटीत,
पक्षी कुठंय यात?

ठिगळ नेमकं घरट्याच्या तोंडावर आलं होतं.
आव्हाड सर यंत्र सरकवायला उठले.
"असू दे," नफिसा म्हणाली,
"आत कुणी असेल."