फेरूल आधी

फेरूल आधी, लग नंतर.
पहिल्या दिवशी परकारचाचांनी एवढंच शिकवलं,
सोहारच्या बंदरामागं, चौदा नंबरच्या पॅनेलसमोर.
दाराला हात लावला की चटका बसायचा.
लग आधी दाबलास तर नंबर घालायला वाट उरत नाही,
मग काप, पुन्हा सोल,
आणि दर वेळी वायर बोटभर आखूड.
आखूड वायरीला कुणी वाली नसतो, म्हणाले.

मी कराडच्या आयटीआयचा. मार्क चांगले.
ऐकून घेतलं, एवढंच.

रात्रपाळीत फेरूल संपले
तेव्हा पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनानं लिहून मोकळा झालो.
झोपेत हात वळायचा तसाच वळला:
१, २, ३.
सकाळी रोदेलनं माझा १ नऊ वाचला,
नऊवर जोडला,
आणि रिकाम्या टाकीवरचा पंप
कोरडाच फिरत राहिला.
जळक्या सीलचा तो वास
मला अजून जेवताना मध्येच येतो.

कुणी ओरडलं नाही.
यह्या अल-बलुशी साहेबानं पट्टी उलटसुलट करून पाहिली,
तिच्याखाली त्यांच्यातला पाच काढला.
नुसतं गोल.
मी शून्य म्हणालो.
तो हसला, सगळ्यांना करक चहा सांगितला.

मग शहाण्णव वायरी मोकळ्या केल्या.
त्या टोकाला डोंगरबहादूर, या टोकाला मी,
मधे बझर.
वाजली की ओरडायचं, वाजली नाही की पुढची.
बहादूर म्हणाला, मी ड्युटीवर असतो तर बरोबर वाचलं असतं,
आमच्याकडंही असाच एक.
तेच तर, चाचा म्हणाले,
तू काय रोज असणार आहेस?

सहाखाली रेघ. नऊखाली रेघ.
सगळे नंबर एकाच अंगाला,
वाचणाऱ्याची मान वाकडी होता कामा नये.
तीन दिवस लागले.
बोटांची टोकं सोलली, माझीच.

करार संपला तेव्हा चाचांनी
मंडणगडच्या खोक्यावर सहाही बाजूंनी नाव लिहिलं.
सामानाच्या पट्ट्यावर कुठली बाजू वर येईल
काय सांगावं.

गेल्या महिन्यात चौदा नंबर पुन्हा उघडला.
आत वाळू, मेलेली पाल,
आणि त्यांचे फेरूल, पिवळे पडलेले,
सहाखालची रेघ मात्र शाबूत.
तळाशी एक वेटोळं, टायनं बांधलेलं,
कशालाच न जोडलेली वायर.
दोन्ही टोकांना नंबर.
मीटर लावला. काही नाही. राखीव होती.

उगाच उलगडून पाहिली.
सगळ्यात लांबच्या टर्मिनलपर्यंत पोचते,
वर बोटभर उरते.