टाकीचा काटा

आमच्या मैल्याच्या टाकीचा काटा
अकरा वर्षं दोन-तृतीयांशावर अडकलाय.
रिकामी केली तरी दोन-तृतीयांश,
तुंबली तरी दोन-तृतीयांश.
ऑरिन म्हणतो, निदान एका मतावर ठाम आहे.
आम्ही नाकाने ओळखतो, आणि वारांनी:
रविवारी ओतली की पुढची शुक्रवारी.

हे आठवायचं कारण, परवा शेजारच्या गाडीतली बाई
घडीची खुर्ची उघडता उघडता म्हणाली,
"तुम्ही ते एआय वापरता का हो?"
साखर सोडलीत का, असं विचारावं तशी.

वापरतो की.
सव्वीस फुटांच्या घरात जागा नाही
पुस्तकांना, हट्टाला, दुसऱ्या कढईला.
हा खिशात मावतो.
क्वार्ट्झसाइटच्या बाहेर, वाळवंटात,
फ्रीज गॅसवर पेटेना तेव्हा
ऑरिन गुडघ्यांवर, टॉर्च दातांत,
मी फोनवरून वाचून दाखवत होते:
बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं आहे का बघा.
होतं.
अंडी वाचली. तरी त्या रात्री
सहाच्या सहा तळून खाल्ली,
फ्रीजवर विश्वास बसेना म्हणून.

आणि ह्यानेच, ह्याच गोड आवाजात,
न्यू मेक्सिकोत अशा रस्त्यावर धाडलं
जो दोन वर्षांमागे पुरात वाहून गेला होता.
उंटावरचा शहाणा!
उंटसुद्धा नाही त्याच्याकडे.
दीड मैल उलटं आलो,
मी मागे चालत, हातवारे करत, धुळीने पांढरी.
टेओफिलो नावाचा म्हातारा कुंपणाची तार ठोकत होता.
हातोडा न थांबवता म्हणाला,
"या महिन्यातली तुमची चौथी."
वीस गॅलन पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, त्याला सांगा, इथे रस्ता नाही.
मी सांगितलं.
त्याने माफी मागितली.
इतकी सुरेख माफी ऑरिनला
सेहेचाळीस वर्षांत जमली नाही.

नातीला पत्र मात्र मी हाताने लिहिते.
शाळेच्या लायब्ररीत जन्म गेला माझा,
आता माझं शुद्धलेखन कुणी तपासायचं नाही.
लिहिते: लाँड्रीतल्या मशीनने पाच नाणी गिळली,
आजोबांनी लाथ घातली, सहा बाहेर आली.
असलं त्याला सुचणार नाही.
सुचेलही.
पण त्याचं सहावं नाणं
माझ्या पर्समध्ये खुळखुळणार नाही.

हल्ली ऑरिन पहाटे उठतो.
पाण्याचा पंप घरघरला की मला कळतं.
ड्रायव्हरच्या सीटवर बसून
फोन तोंडाशी धरून हळूच विचारतो,
"वायोमिंगमध्ये नदीकाठी राहिलो होतो,
ते गाव कुठलं?"
काल विचारलं होतं. मंगळवारीही.
ते सांगतं, डूबॉइस.
आमच्या प्रवासाच्या वह्या मीच त्यात उतरवल्यात.
पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगतं,
उसासा नाही, "अरे, परत?" नाही.

मी पडद्याआड पडून ऐकते.
हायसं वाटतं.
मग त्या हायसं वाटण्याचाच राग येतो.
मला विचारलं असतं तर म्हटलं असतं,
डूबॉइस, जिथे तू माझी एक चप्पल नदीला दिलीस
आणि दुसरी जपून ठेव म्हणालास.
आवाज चढला असता माझा.
तो हसला असता.
किंवा नसता.

उजाडल्यावर दार उघडून म्हणतो,
"मार्लिस, शुक्रवार ना आज?
काटा किती दाखवतोय?"
"दोन-तृतीयांश."
"म्हणजे भरली," म्हणतो, आणि पाईप ओढायला लागतो.

आज बुधवार आहे.
मी हातमोजे घालते.