खिडकीची उंची

पहिल्या नकाशात मी काचच काच काढली होती.
तलावाकडे तोंड करून बावीस मीटर,
मध्ये एकही खांब नाही.
नागपूरच्या ऑफिसात सगळे म्हणाले, वा!
वनखात्याचे साहेब म्हणाले,
एवढा निधी आणलाय तर पर्यटकाला
इमारत लांबूनच दिसली पाहिजे.

उमरीबांधच्या पाळीवर कागद उलगडला
तेव्हा त्याचे एक टोक वाऱ्याने उचलले,
दुसऱ्यावर निरंतरा मारबतेने मासळीची टोपली ठेवली.
टोपलीतून निथळणारे पाणी
आधी स्वागतकक्षात शिरले,
मग उपाहारगृहात, मग प्रदर्शनाच्या दालनात.
"येते जी इथवर," ती म्हणाली,
"सावनात सलंग चालते ना, तेव्हा."

मी जोते दोन फूट वर घेईन म्हणाले.
ती बावीस मीटरवर बोट फिरवत होती.
"आन हे का होय?"
काच.
"पाखराले कसं समजन?"
आणि एका तळव्यावर दुसरा आपटला.
मासळीच्या खवल्यांनी चमकणारे दोन तळवे,
त्यांचा तेवढाच एक आवाज.

हिवाळाभर जात राहिले.
माझ्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात
पाण्यातल्या सगळ्या हिरव्याला एकच शब्द होता: तण.
पुढे कंसात, काढून टाकणे.
ती गुडघाभर पाण्यात उभी राहून हाका मारल्यासारखी सांगायची:
ही गाद, हा चिऊल, ही पोवन,
याच्यात बोटरी अंडी घालते,
त्याच्या मुळाशी दाडक लपते,
अन् हा देवधान, हा पेरत नाही कोणी.
काढायचा तो फक्त बेशरम.
तो तक्त्यात नव्हताच,
"शोभेची झुडपे" या सदरात होता.

एकदा ती जाळे सांधत बसली होती, उकिडवी.
मी कॅमेरा घेऊन शेजारी उभी.
"बस ना जी बाई. उभ्यानं नुसतं पानीच दिसते."
बसले. गुडघे कडकडले.
आणि तलाव उठून उभा राहिला.
देवधानाची पाती आभाळात गेली,
त्यांच्या मधल्या बोळांतून
एक कमळपक्षी पानावर पान टाकत
माझ्याकडे न बघता निघून गेला,
मागे तीन पिल्ले, सगळी पायच पाय.

टेप काढला.
जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंत सव्वादोन फूट.
तिच्या डोळ्यापर्यंत दोनला एक बोट कमी.
मी तिचे माप लिहून घेतले.

मग इमारत पाळीमागे सरकली,
मोहाच्या आणि येनाच्या सावलीत,
वर कवेलू, कुडाच्या भिंती,
आणि तलावाकडे एकच लांब फट, वीतभर उंच,
दोन फुटांना एक बोट कमी.
बसाल तर दिसेल.
माशांची नावे निरंतराच्या उच्चारात लिहिली.
शास्त्रीय नावे खाली, बारीक अक्षरात;
यावरून तीन पत्रे आली, तीन गेली.

तपासणी समिती आली ती गाडीतून उतरून
पाच मिनिटे इमारतच शोधत होती.
अहवालात लिहिले: दर्शनी भागाचा अभाव.
साहेबांना पँटची घडी मोडायची नव्हती;
त्यांनी फटीशी मोबाईल धरला
आणि उभ्या उभ्याच तलाव पाहिला, पडद्यावर.
त्यांच्या ड्रायव्हरने मात्र, चाबी बोटात फिरवत,
चांगली वीस मिनिटे बैठक मारली.

निरंतरा आली उद्घाटनानंतर दहा दिवसांनी,
गावाकडे जाता जाता.
टोपली उंबऱ्यावर टेकवली.
"आत का ठेवलं आहे?"
काही नाही. बसायला जागा. तिथून तलाव दिसतो.
तिने वाकून एकदा अंधारात पाहिले,
मग पाळीकडे.
"तलाव त बाहीर आहे," म्हणाली,
आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

उंबऱ्यावर ओल राहिली होती.
मी तिच्या बाजूने उकिडवी बसले,
दाराबाहेर.